सापडण्याचे सुख

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंना घेऊन जुन्या बाजारात गेला. खरे तर गुरूंनीच त्याला नेले होते. पण शिष्य अजूनही सांगताना 'मी गुरुजींना बाजारात नेलं होतं' असेच सांगतो, आणि ऐकणारे कुणी त्याला अडवत नाहीत.

शिष्याचे नाव त्र्यंबक. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका मध्यम गावात तो शाळेत चित्रकला शिकवीत असे. रोज सकाळी शाळेपूर्वी तो गावाबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांकडे वेदान्ताच्या पाठाला जाई. आचार्य मोजके बोलत. त्यांच्या घरात वस्तूही मोजक्याच होत्या, आणि ज्या होत्या त्या रोज हाताळून गुळगुळीत झालेल्या होत्या. त्र्यंबक बुद्धीने तल्लख होता, स्वभावाने सालस होता. घरी पत्नी सगुणा होती. तंबाखू, पत्ते, चहाटळपणा यांपैकी कशाच्याही वाटेला तो कधी गेला नाही. त्याला ओढ एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे बुधवारचा जुना बाजार.

हा बाजार गावच्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात भरे, आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी असे. ज्यांची बिऱ्हाडे मोडली, ज्यांच्या वाटण्या झाल्या, ज्यांना नव्या भांड्यांपुढे जुनी नकोशी झाली, त्या सगळ्यांच्या घरातले सामान फिरत फिरत शेवटी या वाळूवर येऊन पडे. गोणपाटावर ढीग मांडलेले असत. गंजलेली कुलपे, तुटके कंदील, बिनकानाचे कप, शिवणयंत्राची चाके. बहुतेक माणसे नाकाला पदर लावून पुढे जात. त्र्यंबक मात्र त्या ढिगांपाशी असा बसे, जसा एखादा भक्त गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसतो. चित्रकाराची नजर होती त्याची. काळ्या पुटाखालून डोकावणारी एक वळणदार कड त्याला दिसे, आणि त्याचे काळीज लक्कन हले. मग तो चेहऱ्यावर काही न दाखवता, दुसऱ्याच वस्तूची चौकशी करत करत, जाता जाता विचारल्यासारखे विचारी, "आणि हे काय? हे फुटकं दिसतंय." असे करून त्याने कवडीमोलाने काय काय मिळवले होते! काशाचे ताट, ज्यावर नखाने टिचकी मारली तर सूर बराच वेळ घुमे. शिसवी पाट, पितळी फुलांचा. तांब्याचे घंगाळ. जाड चिनी मातीच्या बरण्या. ठोक्याची पातेली. घरी येताना त्याची चाल बदललेली असे. त्या दिवशी त्याला जेवणही गोड लागे.

यात दोष काढण्यासारखे काय होते? काहीच नव्हते. तो आनंद निर्मळ होता.

पण आनंदाने आणलेल्या त्या वस्तू ठेवायच्या कुठे, हा प्रश्न दर बुधवारी थोडाथोडा मोठा होत गेला. त्र्यंबकाच्या घराला मागच्या बाजूला एक खोली होती. प्रथम एक फळी भरली, मग भिंत भरली, मग जमीन. पुढे पुढे खोलीत शिरायला फक्त एक चिंचोळी वाट उरली, आणि मग तीही राहिली नाही. त्र्यंबकाने दाराला कुलूप लावले. पाहुणा आला, की तो कुलूप काढी आणि दारातूनच एकेका वस्तूकडे बोट दाखवून ती कशी, कुणाकडून, किती स्वस्तात मिळाली याची कथा सांगे. कथा सांगताना तो फार रंगून जाई. पाहुणा गेला की कुलूप पुन्हा लागे.

सगुणेने एकदा त्यातले एक पातेले स्वयंपाकाला मागितले होते.

"अगं, कल्हई जाईल त्याची," तो म्हणाला होता. "आणि रोज घासलं तर वरचे ठोके झिजतील."

तिने पुन्हा मागितले नाही.

अशात एक दिवस अक्काचा निरोप आला. अक्का म्हणजे त्र्यंबकाची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा याच अक्काने त्याला न्हाऊमाखू घातले, बोट धरून शाळेत पोहोचवले, आणि त्याचे शिक्षण मार्गी लागेपर्यंत स्वतःचे लग्न लांबवले. आता तिचे यजमान वारले होते. मूलबाळ नव्हते. ती पुतण्याच्या घरी राहत होती, आणि पुतण्या वाईट नसला तरी त्याचे घर लहान होते व बायको थकलेली होती. निरोप एवढाच होता : "त्र्यंबक, थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का? मागची खोली असली तर बरं. नसली तर ओटीवरही चालेल."

त्र्यंबकाने उलट निरोप धाडला : "खोलीला रंग देतोय. झाला की कळवतो."

रंग वगैरे काही नव्हते. त्याने त्याच दिवशी खोलीचे कुलूप काढले, आता आवराआवर करायचीच असे ठरवले, आणि एक पितळी पंचपात्र हातात घेतले. ते कोणत्या उन्हाळ्यात मिळाले, विकणारा किती कुरकुरत होता, हे सारे त्याला आठवले. त्याने ते खाली ठेवले. मग एक अडकित्ता घेतला. त्याचीही कथा आठवली. संध्याकाळपर्यंत त्याने अनेक वस्तू उचलल्या आणि अनेक वस्तू होत्या तिथेच ठेवल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडे गेले. अक्काने पुन्हा विचारले, त्याने पुन्हा रंगाचे कारण सांगितले.

मग अक्काच्या गावचा एक मनुष्य काही कामाने आला होता, तो सहज भेटायला आला. चहा पिता पिता म्हणाला, "तुमच्या बहिणीनं पेटी बांधून दाराशी ठेवलीय बघा. सगळ्यांना सांगते, भावाचं घर रंगतंय, झालं की येईल न्यायला."

तो गेल्यावर त्र्यंबक बराच वेळ कपाकडे पाहत बसला. सगुणा आतून आली, कप उचलला आणि शांतपणे म्हणाली, "एक विचारू? रंग कुठला देताय?"

"सगुणे, हे सगळं मी तुझ्या संसारासाठीच जमवलं ना?"

"माझा संसार अॅल्युमिनियमच्या पातेल्यात शिजतोय," ती म्हणाली, आणि आत गेली. बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच ते त्याला अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी पाठ संपल्यावर त्र्यंबक उठला नाही. इतर मंडळी गेली. आचार्यांनी पोथी फडक्यात बांधली आणि ते वाट पाहत राहिले. तेव्हा त्र्यंबकाने सगळे सांगितले. खोली, कुलूप, रंग, पेटी, काही लपवले नाही. शेवटी हात जोडून म्हणाला, "गुरुजी, मला एखादं व्रत द्या. पुन्हा त्या बाजारात पाऊल ठेवणार नाही, अशी शपथ घालता का? माझ्या मनातली ही हाव मुळासकट जायला हवी."

अपरिग्रहावर आता चांगले तासभर प्रवचन होणार, अशी त्याची खात्री होती. ते ऐकायला तो मान खाली घालून तयारही होता.

आचार्यांनी विचारले, "बुधवार कधी आहे रे?"

"उद्याच."

"मग उद्या मला घेऊन चल. सकाळीच निघू. उशीर झाला की चांगल्या वस्तू जातात म्हणतात."

त्र्यंबकाला हे कोडे उलगडेना. पण गुरूंचा शब्द, म्हणून तो दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन ओढ्यात उतरला.

आणि मग त्याने जे पाहिले, त्याने तो थक्क झाला. ज्या आचार्यांना दुसरे धोतरही जास्त वाटे, ते प्रत्येक ढिगापाशी उकिडवे बसत होते. लाकडी डावाचा वास घेऊन पाहत होते. एका जुन्या विळीची पाती अंगठ्याने अलगद चाचपत होते. "हे बघ, धार उलट्या अंगानं झिजलीय. कुणीतरी डावखुरी बाई होती." त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखे कुतूहल होते. त्र्यंबकही हळूहळू आपले दुःख विसरला, आणि दोघे गुरुशिष्य गोणपाटामागून गोणपाट पालथे घालत पुढे निघाले.

कासमचाचा नावाचा एक जुना विक्रेता चिंचेखाली बसे. त्याच्या ढिगावरून त्र्यंबकाने नजर फिरवली. बिजागऱ्या, साखळ्या, पंख्याची पाती. काही नाही, असे समजून तो पुढे सरकला. आचार्य मात्र तिथेच बसले. त्यांनी बिजागऱ्या बाजूला सारल्या, खाली हात घातला आणि कोळशासारखा काळा पडलेला एक गोल डबा बाहेर काढला. पंच्याच्या टोकाने झाकण घासले. काळ्यातून आधी एक पिवळी रेघ उमटली, मग खवले, मग शेपटी. झाकणावर चहूकडून मासे कोरलेले होते, एकमेकांच्या मागे गोल पोहणारे. झाकण कष्टाने निघाले. आत वाट्या होत्या, एकही हरवलेली नव्हती, आणि प्रत्येक वाटीच्या तळाशी एक इवलासा मासा होता.

"अहाहा!" आचार्य मोठ्याने म्हणाले. "त्र्यंबका, पाहिलंस? मिसळणाचा डबा! मोहरी, हळद, हिंग संपत आलं की तळातला मासा दिसत असेल. ज्यानं घडवला, त्याला स्वयंपाकघरातली गंमत ठाऊक होती."

त्र्यंबकाच्या छातीत धस्स झाले. दोन कारणांनी. एक तर तो डबा त्याच्या नजरेतून सुटला होता. आणि दुसरे, भाव ठरण्याआधी वस्तूची अशी तोंडभरून स्तुती कुणी करते का!

व्हायचे तेच झाले. कासमचाचांनी चष्मा सावरला आणि चांगली चढी किंमत सांगितली.

"चाचा, ही फार झाली," आचार्य म्हणाले.

"बाबा, तुम्हीच एवढं कौतुक केलंत. आता भाव कसा उतरेल?"

"कौतुक मी डब्याचं केलं, भावाचं नाही केलं."

कासमचाचा हसले. मग दोन्ही म्हाताऱ्यांची घासाघीस सुरू झाली. एकाने पितळेचा दर काढला, दुसऱ्याने डब्याला पडलेला पोचा दाखवला. एकाने नातवंडांची शपथ घेतली, दुसऱ्याने नातवंडांची चौकशी केली. दोघांनाही कसली घाई दिसत नव्हती. शेवटी असा भाव ठरला, की त्र्यंबकाच्या साऱ्या कारकिर्दीत एवढी चांगली वस्तू एवढ्या स्वस्तात त्याला कधी मिळाली नव्हती. आचार्यांनी कनवटीला हात घातला.

इतक्यात एक नवी नवरी तिथे येऊन उभी राहिली. हिरवा चुडा अजून हातात होता. मागे तिचा नवरा, खांद्यावर एक तवा आणि एक कळशी घेऊन. खाणीवर दगड फोडणारी माणसे ती. नवे बिऱ्हाड मांडत होती.

"चाचा, मिसळनाचा डबा हाय का?" तिने विचारले. "सकाळधरनं हुडकतीया. कुटंच न्हाई."

"होता, पोरी," कासमचाचा म्हणाले. "आत्ताच गेला."

आचार्यांनी हातातल्या डब्याकडे पाहिले. कनवटीचा हात तसाच काढून घेतला. "गेला कुठे? हा काय," ते म्हणाले आणि डबा तिच्या ओंजळीत ठेवला. "मी अजून पैसे दिले नाहीत. चाचा, जो भाव ठरलाय त्याच भावानं यांना द्या."

तिने झाकण उघडले. आतले मासे पाहिले. नवऱ्याच्या दंडाला हळूच कोपर लावले आणि डबा त्याच्यापुढे धरला. पैसे देऊन दोघे निघाली. आचार्य गुडघ्यावर हात टेकून उठले आणि धूळ झटकत हसले. त्या हसण्यात हळहळ औषधालाही नव्हती.

त्र्यंबकाला मात्र राहवेना. आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत तो त्या जोडप्यामागे धावला. वाळूत पाय रुतत होते. त्याने त्यांना गाठले आणि धापा टाकत म्हणाला, "बाई, तो डबा मला द्या. तुम्ही दिलेत त्याच्या दुप्पट देतो."

नवऱ्याने डोळे विस्फारले. "दुपटीनं देत्यात. दे की!"

नवरीने त्र्यंबकाकडे नीट पाहिले. त्याचा घामेजलेला चेहरा, तो धरू पाहणारा हात. तिला त्याची खरेच कणव आली असावी. तिने अगदी हळुवारपणे विचारले, "तुमच्या घरी मिसळनाचा डबाच न्हाई व्हय? तसं असंल तर न्या तुमी. आमी दुसरा बगू. दुप्पट कशापायी?"

आणि तिने डबा पुढे केला.

त्र्यंबकाचा हात अर्ध्यावरच थांबला. कुलूपबंद खोलीतल्या डाव्या भिंतीच्या फळीवर एकावर एक रचलेले मिसळणाचे डबे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. एक नक्षीचा, एक चौकोनी, एक काचेच्या झाकणाचा. त्यांत कधी चिमूटभर हळदही पडली नव्हती.

"आहे," तो कसाबसा म्हणाला. "आहे माझ्याकडे. तुम्ही न्या."

तो परत आला, तेव्हा आचार्य चिंचेच्या सावलीत बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मूठभर शेंगा त्याच्यापुढे ठेवल्या. त्र्यंबक त्यांच्या शेजारी बसला.

मग तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला काहीच वाटलं नाही? इतका शोधलात, इतकी घासाघीस केलीत आणि रिकाम्या हातानं उठलात."

"रिकाम्या हातानं?" आचार्य म्हणाले. "अरे, बिजागऱ्यांखालून ते मासे वर आले, तेव्हा मला जे मिळायचं ते सगळं मिळालं. त्या पोरीनं डबा नेला, ते सुख थोडंच नेलं? सापडणं हे एक सुख आहे, त्र्यंबका, आणि असणं हे दुसरं. तू दोहोंना एकच समजलास. सापडण्याचं सुख क्षणाचं असतं, ते साठवून ठेवता येत नाही. तू ते कोंडून ठेवायला गेलास. सुख उडून गेलं, आणि खोलीत भांडी राहिली."

त्यांनी एक शेंग फोडली.

"तू शपथ मागितलीस. मी ती घालणार नाही. सगळ्यांनी टाकून दिलेल्या ढिगात मोल ओळखणं याला मी हाव म्हणत नाही. रोज सकाळी आपण जो पाठ करतो, तो दुसरं काय सांगतो? पुटाखालचं पितळ ओळखायलाच ना? ती नजर देवानं तुला दिली आहे, ती फोडून घेऊ नकोस. पण ओळख पटली की तुझं काम संपतं, आणि वस्तूचं काम सुरू होतं. पातेल्यानं शिजवावं, पाटानं कुणाला बसवावं. तू त्यांना ढिगाखालून काढलंस खरं, पण नेऊन कुलपाखाली घातलंस. बिचारी दोनदा भंगारात गेली."

इतके बोलून ते थांबले. पुढे त्या विषयावर पुन्हा कधी एक अक्षर बोलले नाहीत.

त्र्यंबक घरी आला. खोलीचे कुलूप काढले आणि किल्ली सगुणेच्या हातात दिली.

"तुला काय हवं ते आधी तू काढ," तो म्हणाला.

ती दारात उभी राहिली. त्याला वाटले होते ती पुष्कळ काही घेईल. तिने दोन पातेली घेतली, एक काशाचे ताट घेतले, एक बरणी घेतली. थोडा विचार करून एक झारा घेतला. "पुरे," म्हणाली. त्याच दिवशी त्यातल्या एका पातेल्यात तिने आमटी केली. त्र्यंबक चुलीपाशी येऊन उभा राहिला. जाड बुडाच्या त्या पातेल्यात आमटीला सावकाश, एकसारखी उकळी फुटत होती. इतक्या वर्षांत त्या भांड्याचा आवाज तो पहिल्यांदाच ऐकत होता.

बाकीच्या वस्तू गेल्या त्या अशा. काही शेजारीपाजारी गेल्या, काही शाळेच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात गेल्या. उरल्या त्यांचे गाठोडे बांधून त्र्यंबक पुढच्या बुधवारी ओढ्यात उतरला आणि कासमचाचांपाशी जाऊन अवघडून उभा राहिला.

"चाचा, जरा शेजारी बसू का? गोणपाट आणलंय."

कासमचाचांनी आपल्या बिजागऱ्या हातभर अलीकडे ओढल्या. "बसा, मास्तर. समोर बसणारा माणूस एक ना एक दिवस या बाजूला येतोच. तुम्हाला मात्र फार वेळ लागला."

पहिल्या दिवशी त्याला जड गेले. एका गिऱ्हाइकाने घंगाळ उचलले, तेव्हा त्याची बोटे आपोआप कडेला चिकटली होती. ती त्याने एकेक करून सोडवली. पण त्याच दिवशी दुपारी एक सुतार त्या शिसवी पाटापाशी थबकला. त्याने पितळी फुलांवरून हात फिरवला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की त्र्यंबक पाहतच राहिला. तोच क्षण पुन्हा घडत होता. या वेळी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर घडत होता, आणि तरी आपल्याला मिळत होता. हे त्याला कुणी सांगितले असते तर त्याने मानले नसते.

खोली मोकळी झाली. त्र्यंबकाने चुना भिजवला, कुंचला बांधला आणि भिंतींना स्वतः रंग दिला. मग जाऊन अक्काला घेऊन आला.

अक्का थकली होती. लहानखुरी झाली होती. खोलीत आली, मध्यभागी उभी राहिली, भिंतीवरून हात फिरवला. "छान लागलाय रे रंग," म्हणाली.

त्र्यंबकाने मान खाली घातली. "अक्का, रंग परवाच दिला. इतके दिवस मी..."

"कळलं मला," अक्का म्हणाली. "चुन्याचा वास अजून ओला आहे." आणि ती हसली. लहानपणी तो काही फोडून आला, की हसायची तशीच. "पेटी कुठे ठेवू ते सांग आता."

त्यानंतर तिने काही विचारले नाही, आणि त्यालाही सांगावे लागले नाही. संध्याकाळी सगुणा आणि ती दाराशी बसून भाजी निवडू लागल्या, तेव्हा घरातून गप्पांचा आवाज येत राहिला. त्र्यंबक ओटीवर बसून तो ऐकत होता.

त्र्यंबकाचा बुधवार काही सुटला नाही. तो अजून ढीग पालथे घालतो, अजून त्याचे काळीज लक्कन हलते, अजून तो वस्तू घरी आणतो. सगुणा ती चिंच लावून घासते. आणि घरात जिची गरज नाही अशी वस्तू पुढच्या बुधवारी परत गोणपाटावर जाते.

एका बुधवारी अक्का हौसेने त्याच्याबरोबर बाजारात आली. तो ढीग मांडत होता, ती पाहत होती. तांब्याची एक घाटदार समई त्या दिवशी विकायला होती, त्या ढिगात तिच्या तोडीचे दुसरे काही नव्हते. त्र्यंबकाने ती पिशवीतून काढली, क्षणभर उन्हात धरली, आणि मग सगळ्यांत खाली, गंजलेल्या साखळ्यांच्या तळाशी सारून दिली.

"अरे वेड्या," अक्का म्हणाली, "एवढी देखणी वस्तू खाली का दडपतोस? वर ठेव की. चार लोकांना दिसेल, लगेच जाईल."

त्र्यंबकाने साखळ्या आणखी थोड्या पसरल्या. समईचा एक काठ तेवढा, बारीक नजरेला दिसेल न दिसेल असा, उघडा ठेवला.

"वर ठेवली तर ती नुसती विकली जाईल, अक्का," तो म्हणाला. "खाली ठेवली, तर कुणाला तरी सापडेल."